कुपी आत ठेवली

सोमवार, १

ही वही धाकटीने दिली. म्हणाली, "ताई, तुझ्या शंका हिच्यात लिहीत जा आणि आम्हाला जेवू दे." दैनंदिनी कशी लिहितात हे मला माहीत नाही. घरात माझ्याआधी कुणी लिहायलाच शिकलं नव्हतं, त्यामुळे विचारायची सोय नाही. चूक झाली तर ती माझीच.

मी इस्पितळाच्या तळमजल्यावर काम करते. शस्त्रक्रियेचे चिमटे-कात्र्या वापरून झाल्या की खाली येतात. मावशी त्या धुतात, मी तपासते, कापडात बांधते, वाफेच्या मशीनमध्ये घालते आणि निर्जंतुक झाल्या की वर पाठवते. मशीनं दोन आहेत. एक नंबर नवं आहे, दोन नंबर माझ्या वयाचं. नोकरीला चार महिने झाले. सहा झाले की कायम करतात, किंवा नाही करत.

काम करताना मी बोलते. "कात्री एक, कात्री दोन, गाठ मारली, पट्टी लावली." ही सवय बाबांची. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात तेही असंच बोलत बोलत. खात्यात माझं नाव 'रेडिओ' पडलं आहे. मावशी आत आल्या की म्हणतात, "अगं, आवाज जरा मोठा कर, बातम्या लागल्या असतील."

आज दोन नंबरमधले गठ्ठे पुन्हा दमट निघाले. इन्चार्ज बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "पंख्याखाली ठेव पाच मिनिटं. जुनं माणूस आहे, घाम येतो त्याला." सगळे हसले. मीही हसले.

मंगळवार, २

मंगळवारी मशीनची परीक्षा असते. बोटाच्या पेराएवढी कुपी असते. तिच्यात मुद्दाम ठेवलेले जिवंत जंतू आणि जांभळं पाणी. एक कुपी गठ्ठ्यांबरोबर मशीनमध्ये ठेवायची, दुसरी तशीच बाहेर. मग दोन्ही एक दिवस उबेच्या पेटीत. वाफेने जंतू मेले तर पाणी जांभळं राहतं, जगले तर पिवळं होतं. बाहेरची पिवळी व्हायलाच हवी आणि आतली जांभळी राहायलाच हवी. इतकी सोपी परीक्षा आमच्या शाळेत कधी नव्हती.

आज दोन नंबरची मी घेतली. सगळं नीट झालं. असं मला वाटतं.

बुधवार, ३

दोन्ही कुप्या पिवळ्या.

पेटी उघडली आणि आधी वाटलं, दिवा पिवळा आहे. खिडकीच्या उजेडात नेल्या. एकीच्या लेबलावरची बारीक रेघ तपकिरी, दुसरीच्या लेबलावरची गुलाबी. बाकी दोघी जुळ्या बहिणी. पाणी दोघींचंही पिवळंधमक.

इन्चार्ज बाईंना बोलावलं. त्यांनी कुपी उजेडात धरली, फिरवली, बराच वेळ पाहिली, मग मुठीत मिटली. "आत ठेवली होतीस ना?"

"हो."

"नक्की?"

"हो. म्हणजे, ठेवली होती."

"बघू," असं म्हणून त्या दोन्ही कुप्या घेऊन गेल्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, टाकून दिल्या, जंतू कशाला घोळवायचे हातात. रजिस्टरमधला माझा रकाना कोराच आहे. नियमाप्रमाणे आतली पिवळी झाली की मशीन बंद करायचं आणि मागच्या परीक्षेपासूनचे सगळे गठ्ठे परत मागवायचे. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस बाळा. आधी विचार करू."

दुपारी दोन नंबर चालूच होतं.

गुरुवार, ४

इन्चार्ज बाईंनी खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला, स्वतःच्या डब्यातलं बिस्किट मोडून अर्धं माझ्या बशीत ठेवलं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की चहा गरम असतानाच पिऊन टाकला, जीभ भाजली.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बत्तीस वर्षं झाली मला नोकरीत, दोन महिन्यांनी निवृत्त होऊन घरी जाते. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणसं येणार आहेत. मशीन बंद पडलं की शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, मग ओरड, मग चौकशी. आणि कशासाठी? "तू दिवसभर किती कामं करतेस! एखादं राहतंच गं. माझंसुद्धा राहायचं. तू स्वभावाने इतकी प्रामाणिक आहेस म्हणून सांगते, नीट आठवून बघ. तू कुपी हातात घेतलीस, तेवढ्यात मावशीने हाक मारली, तू तिकडे गेलीस..."

मावशींनी हाक मारली होती का? मारली असेल. त्या दिवसातून शंभरदा मारतात.

"मी काय लिहू?" मी विचारलं.

"एवढंच, की कुपी आत ठेवायची कदाचित राहिली असेल. म्हणजे परीक्षा रद्द, पुढच्या मंगळवारी नवी. तुला कुणी काही म्हणणार नाही, मी आहे ना. आणि 'कदाचित'मध्ये खोटं काय आहे, सांग बरं?"

 येताना मी त्यांना सॉरी म्हणून आले. कशाबद्दल, ते आता आठवत नाही.

शुक्रवार, ५

सोमवारपर्यंत लिहून द्यायचं आहे.

काल संध्याकाळपासून मंगळवारची सकाळ डोळ्यांसमोर आणते आहे. पहिल्यांदा आणली तेव्हा कुपी माझ्या हातात होती, खालच्या कप्प्यात दाराजवळ वाकून ठेवताना बोटाला धातूचा गारवा लागला होता. दहाव्यांदा आणली तेव्हा गारवा लागला होता की मी तो आता घालते आहे, ते कळेना. आज सकाळी तर कुपी टेबलावरच पडलेली दिसली. मावशींच्या हाकेसकट.

घरून निघाल्यावर कुलूप बघायला दोनदा परत आले. आई दारातच बसली होती. म्हणाली, "अगं, मी घरात असताना कुलूप कसलं लावतेस?"

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहून टाक आणि मोकळी हो. दोन महिन्यांनी कायम होशील. एवढं शिकवलं ते काय नोकरी घालवायला?" धाकटी मध्येच म्हणाली, "हिला सॉरी म्हणायला कारण लागतं का? परवा खुर्चीला धडकली तर खुर्चीला सॉरी म्हणाली." आईला हसू आलं.  बाबांच्या हातातला स्क्रू खाली पडला, तो शोधत राहिले.

वर तीन नंबरच्या वॉर्डात एका बाईचे टाके पिकले आहेत, असं चादरी नेणारा सांगत होता. या दिवसांत जखमा लवकर भरत नाहीत म्हणतात.

शनिवार, ६

मावशींना धुण्याच्या हौदापाशी गाठलं. विचारलं, मंगळवारी तुम्ही मला हाक मारली होती का?

"मारली की. तू आलीसच नाही. 'थांबा मावशी, कुपी ठेवते आहे' म्हणालीस. मग 'कुपी आत, दार लावलं, कडी फिरवली.' रेडिओ चालू होता, मी काय बहिरी आहे?"

मला इतकं हलकं वाटलं की त्यांचा ओला हातच धरला. म्हटलं, "मावशी, एवढं वर साहेबांना सांगाल?"

त्यांनी हात सोडवून घेतला. "मी? नाही गं बाई. मी ठेकेदाराची माणूस. उद्या येऊ नको म्हणाले तर संपलं. आणि मला काय विचारतेस? तुझं तोंड, तुझा हात. मी सांगितल्यावरच तुला खरं वाटणार का?"

रागावले मी त्यांच्यावर. जिन्यापर्यंत. मग वाटलं, बरोबर आहे त्यांचं.

पण समजा, मी म्हटलं 'कुपी आत' आणि ठेवलीच नाही तर? तोंड चालत होतं म्हणजे हातही चालत होता असं थोडंच आहे? मी कागदावर दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत. एक इन्चार्ज बाईंचं, एक माझं. इन्चार्ज बाईंच्या वाक्याचं अक्षर जास्त चांगलं आलं आहे.

रविवार, ७

सुट्टी. बाबा अंगणात कुणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. "स्क्रू काढला. वाटीत ठेवला. एक. पट्टा काढला. डाव्या हाताला." मी समोर बसले होते. आईने आतूनच हाक दिली, "सांगा की तिला. किती दिवस गप्प बसाल?"

"काय सांगायचंय?"

"पान्याचं."

बाबांनी हातातलं काम थांबवलं. ते काम अर्ध्यात थांबवत नाहीत. त्यांनी सांगितलं ते आठवेल तसं लिहिते, माझे शब्द न घालता.

"कापडाच्या कारखान्यात मी फिटर होतो. तू पोटात होतीस. एका सकाळी मशीन सुरू केलं आणि चक्राचे दात तुटले. आत पाना सापडला. रात्रपाळीला दोघांनी हात लावला होता त्या मशीनला, पण साहेब म्हणाले, पाना तुझा. मी म्हटलं, माझा पाना मी काढला होता. साहेब चांगला माणूस. ओरडला नाही. बसायला खुर्ची दिली. आम्हाला तिथे कोण खुर्ची देतं? म्हणाला, अरे, राहिला असेल कदाचित, नीट आठवून बघ. मी आठवत बसलो. जितकं आठवलं तितकं पुसट झालं. शेवटी त्याने लिहिलं, मी अंगठा दिला."

"मग काढून टाकलं?"

"छे. ठेवलं की. शब्दाला जागला तो. पण त्यानंतर मला धड एक मशीन बंद करता येईना. बंद केलं की वाटायचं, आत काही राहिलं. पुन्हा उघडायचो. मग तोंडाने बोलायला लागलो, म्हणजे निदान कानाला तरी कळावं. वर्षभराने मीच सोडलं." त्यांनी वाटीतला स्क्रू उचलून परत वाटीतच ठेवला. "तेवीस वर्षं झाली. पाना राहिला होता की नव्हता, मला अजून ठाऊक नाही. अंगठा दिला त्याच्या आदल्या दिवशी ठाऊक होतं."

आई दारात येऊन उभी होती. म्हणाली, "शुक्रवारी मी म्हटलं लिहून टाक. ते मी असंच म्हटलं होतं. तेव्हासुद्धा मीच म्हटलं होतं यांना."

बाबा म्हणाले, "जेवायला वाढ."

सोमवार, ८

सकाळी निघण्यापूर्वी लिहिलं. चार ओळी: "मंगळवार, दोन तारीख, पहिली पाळी. कुपी मी दोन नंबरच्या मशीनमध्ये खालच्या कप्प्यात दाराजवळ ठेवली. काढून उबेच्या पेटीत ठेवली. बुधवारी ती पिवळी दिसली." त्यात 'कदाचित' चार वेळा घालावंसं वाटलं. घातलं नाही.

इन्चार्ज बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला. "हे असं द्यायचंय तुला?"

"हो."

"मी तुझ्याशी कशी वागले, आठव जरा."

हेच वाक्य त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हणणार होते. दाताखाली जीभ धरली. नेमकी भाजलेली जागा.

मग त्यांनी मला इस्पितळाच्या अधीक्षकांसमोर उभं केलं. ते डॉक्टर आहेत, वेळ नसलेले. कागद वाचला. "खात्री आहे?"

"हो, सर."

"पुरावा?"

"नाही."

"म्हणजे इन्चार्ज खोटं बोलतायत?"

"त्या तिथे नव्हत्या, सर. मी होते."

माझा आवाज चिरका निघाला.  त्यांनी विचारलं, आज वर चार शस्त्रक्रिया आहेत, माहीत आहे का? मी म्हटलं, एक नंबरचे गठ्ठे दोन शस्त्रक्रियांना पुरतील. मग मला तीन नंबर वॉर्डातली बाई आठवली. शुक्रवारपासून माहीत होती, आठवली मात्र तिथे उभी असताना. तिची शस्त्रक्रिया कधी झाली, असं विचारलं. अधीक्षकांनी फोन लावला. ऐकलं, फोन ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं. ती गेल्या मंगळवारची होती. दोन तारखेची, दुपारची.

"मशीन बंद करा," ते म्हणाले. "पुन्हा परीक्षा होईपर्यंत."

नंतर दिवसभर मी आणि मावशी ढकलगाडी घेऊन मजल्यामजल्यावर गठ्ठे गोळा करत फिरलो. वरचे लोक टोमणे मारत होते. "आल्या, न्यायाधीश आल्या." "आता आम्ही काय दातांनी कापायचं?" एका दाराबाहेर एक म्हातारी बाई होती, तिच्या मुलाची शस्त्रक्रिया पुढे गेली. "सकाळपासून पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही हो त्याला," ती म्हणाली. तिला मी सॉरी म्हटलं. धाकटीने मोजायचंच असेल तर हे एक मोजावं.

उद्याच्या परीक्षेतली कुपी जांभळी निघाली तर? तर मी शहाणपणा मिरवून दोन माणसांना उगाच उपाशी ठेवलं असं होईल. आणि तरी मी मंगळवारी कुपी ठेवली होती हे खरंच राहील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला आज ढकलगाडी ओढताना कळलं. त्याने भीती कमी झाली नाही.

मंगळवार, ९

अधीक्षकांनी वरून एक सिस्टर पाठवल्या. तीन कुप्या तीन ठिकाणी ठेवल्या, त्यांनी, माझ्यासमोर. मला हात लावू दिला नाही. ठीक आहे.

नवं खोकं उघडल्यावर आतून घडी केलेला कागद पडला. मुंगीएवढी अक्षरं. तो सगळे केरात टाकतात. मला छापलेलं काही फेकवत नाही, लहानपणी पुडीचे कागदसुद्धा वाचायचे. वाचला. सातव्या कलमात आहे: लेबलावरची रेघ गुलाबी असते, वाफ लागली की तपकिरी होते.

पाळी संपल्यावर घरापर्यंत जवळजवळ धावत आले. ही वही उघडली. बुधवार, तीन तारीख. "एकीच्या लेबलावरची बारीक रेघ तपकिरी, दुसरीच्या लेबलावरची गुलाबी."

माझंच अक्षर. इतके दिवस उशाखाली ठेवून मी त्याच्यावर डोकं टेकत होते.

धाकटीला दाखवलं. ती म्हणाली, "मग तुझ्या बाईंना हे माहीत नव्हतं?" बत्तीस वर्षांत त्यांनी तो कागद वाचला नसेल, असं मला वाटतं. त्या दिवशी त्यांनी कुपी उजेडात इतका वेळ धरली होती, पण चष्मा घातला होता की नाही, ते मला आठवत नाही.

बुधवार, १०

तिन्ही पिवळ्या. तिघींची रेघ तपकिरी.

आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आठवडाभर मी पंख्याखाली वाळवलेले गठ्ठे स्वतःच्या हातांनी वर पाठवले होते. हा भाग कुणाच्या निवेदनात नव्हता. म्हणून मीच वेगळ्या कागदावर लिहून दिला: गठ्ठे दमट होते, मी पाहिले होते, तरी पाठवले. इथे 'कदाचित' लागलंच नाही. अधीक्षकांनी वाचून कपाळ चोळलं. म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता येत नाही का?"

मेकॅनिक आला. दाराचं रबर खालच्या बाजूला फाटलेलं होतं, आत हवा राहत होती. म्हणाला, दोनतीन आठवड्यांपासून फाटलेलं आहे हे. तेवढ्या दिवसांतल्या सगळ्या रुग्णांना बोलावून तपासणार आहेत. तीन नंबरच्या बाईंचा ताप उतरला आहे. हे मी वॉर्डात जाऊन विचारून आले, दोनदा.

निघताना इन्चार्ज बाई जिन्यात भेटल्या. पर्स छातीशी धरून उभ्या होत्या, एकदम बुटक्या वाटल्या. म्हणाल्या, "तू तेवढं 'कदाचित' लिहिलं असतंस तर मी सुखाने घरी गेले असते."

 त्यांची पर्स घसरत होती, ती मी सावरून दिली.

शुक्रवार, १२

पत्र आलं. कायम केलं नाही, काढलंही नाही. दमट गठ्ठ्यांमुळे आणखी सहा महिने 'निरीक्षणाखाली'. आईने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, वाचता येत नाही तरी. "बरं लिहिलंय की वाईट?" म्हटलं, खरं लिहिलंय.

मावशी आज म्हणाल्या, "रेडिओ, दोन दिवस आवाज नाही तुझा. सेल संपले काय?" खरंच की. मी गप्प राहून गठ्ठे बांधले होते आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग लगेच शंका आली आणि तिसरा गठ्ठा सोडून पाहिला. सगळं जागेवर होतं.

रविवार, १४

दुपारी बाबा जवळ येऊन बसले. वहीकडे बोट केलं. "ती रेघेची गोष्ट यात सापडली ना?"

"हो."

"वाच."

तीन तारखेचं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग हाताची नखं बघत राहिले. ग्रीस नखांतून कधी जात नाही त्यांच्या.

"माझंही लिही एक. कोरं पान आहे ना?"

मी पान उलटलं. ते थांबत थांबत सांगत गेले, मी लिहीत गेले:

"पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. रात्रपाळी. मशीन बंद केलं. झाकण उघडलं. नट आवळला. पाना काढला, फडक्याला पुसला, पिशवीत ठेवला. पिशवीचा बंद तुटका होता म्हणून पाना आडवा ठेवला. आडवाच होता. पाना मी काढला होता असं मला वाटतं."

"झालं?" मी विचारलं.

"वाचून दाखव."

वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला. आई हातातली परात घेऊन तशीच दारात उभी राहिली.

"आडवा ठेवला, हे कुणी सांगितलं होतं मला?" बाबा तिला विचारत होते, की मला, की कुणालाच नाही. "कुणी नाही. ते माझंच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते 'असं मला वाटतं' आहे ना. ते खोड."

मी खोडलं.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. मी सातवीत असताना त्यांना सही करायला शिकवलं होतं. अजूनही ते पहिलं अक्षर काढताना श्वास धरतात.